गाजर गवताचे बी आणि गव्हावरचा ठपका

झरी जामणी तालुक्यात धुऱ्यावर, पडीत रानात, मुकुटबनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गाजर गवत इतके रुळले आहे की ते मूळचे मेक्सिकोकडचे, हे सांगूनही पटू नये. ते आले कसे, याचे उत्तर मात्र सगळीकडे एकच मिळते: पीएल-४८० कराराखाली आलेल्या अमेरिकन गव्हातून. हे उत्तर पुरेसे नाही. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा आणि भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यात प्रा. परांजपे यांना उकिरड्यांवर ही झाडे १९५१ मध्येच दिसली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी या झाडांची शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. करार नसला तरी परदेशी गहू आधीपासून येतच होता, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि त्या गव्हातून बी आले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्ता वनस्पती उद्यानाच्या यादीतही हे झाड आहे. बागेतले झाड म्हणजे रानात माजलेले तण नव्हे, हा आक्षेप रास्त. तरीही या झाडाला देशात यायला गव्हाखेरीज दुसरी वाट होती, एवढे त्यातून नक्की ठरते.

ते पसरले कसे, याचा खरा पुरावा बियांत आहे. बारक्या पांढऱ्या फुलाचा बोंडा तळहातावर चुरला तर त्यात साधारण पाचच बिया निघतात. बी काळे, चपटे, जेमतेम दोन मिलिमीटरचे. त्याला दोन बाजूंनी वाळक्या फुलांचे कोंड्यासारखे तुकडे चिकटलेले. पान गाजरासारखे असले तरी गाजराच्या बीवर असतात तसे बारीक काटे याला नसतात. हे हलके बी वाऱ्याने उडते, पाण्यावर वाहते, चिखलाबरोबर चाकाला लागते, आणि एका झाडाला अशा पंधरा-पंचवीस हजार बिया धरतात. गहू त्याला फार तर बंदरापर्यंत आणील; तिथून पैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत पोचायला ट्रकची चाके, रस्त्याचा मुरूम, चारा आणि न कुजलेले शेणखत पुरते. सत्तर वर्षांपूर्वीच्या जहाजावर सगळा दोष टाकला की याच वाटांकडे दुर्लक्ष होते, आणि आपल्या हातात असलेला इलाज राहून जातो. पावसात उगवलेले हे झाड महिना-दीड महिन्यात फुलते. त्याआधी हातमोजे घालून ते मुळासकट उपटा, आणि फुलावर आलेले झाड खताच्या खड्ड्यात कधीही टाकू नका.