डेटा सायन्सच्या स्वयं-अध्ययनातील सामूहिक उत्तरलेखन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

डेटा सायन्स हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थिरावण्यापूर्वीच अनेकांनी तो स्वयं-अध्ययनाने आत्मसात केला. अशा अध्ययनात पुस्तकांपेक्षा मोठी उणीव भासते ती उत्तर तपासणाऱ्याची. ही उणीव वाचकांनीच सरावप्रश्नांची उत्तरे लिहून व ती परस्परांस उपलब्ध करून देऊन भरून काढली. या प्रथेमुळे नक्कल वाढेल, हा अध्यापकवर्गाचा आक्षेप निराधार नाही. तथापि तिचा इतिहास पाहता तिचे खरे मूल्य तयार उत्तरात नसून उत्तरांच्या तुलनेत आहे, असे दिसून येते.

पूर्वपरंपरा

इंग्लंडमध्ये १७०४ साली सुरू झालेल्या 'द लेडीज डायरी' या पंचांगवजा वार्षिकात काही वर्षांतच गणिती प्रश्न छापले जाऊ लागले. वाचकांनी पाठविलेली उत्तरे पुढील वर्षीच्या अंकात प्रसिद्ध होत. एकोणिसाव्या शतकात 'एज्युकेशनल टाइम्स' या नियतकालिकाने हीच प्रथा पुढे नेली. १८६४ मध्ये जे. जे. सिल्व्हेस्टर यांनी त्यात प्रश्न मांडला : प्रतलावर यादृच्छिकपणे घेतलेल्या चार बिंदूंपासून अंतर्वक्र चौकोन तयार होण्याची संभाव्यता किती? निरनिराळ्या गणितज्ञांची उत्तरे परस्परांशी जुळेनात. 'यादृच्छिक' या शब्दाचा अर्थच प्रश्नात निश्चित केलेला नव्हता, हे त्यातून उघड झाले. एकच उत्तर छापले गेले असते, तर हा दोष झाकलेलाच राहिला असता.

भारतात १९०७ मध्ये स्थापन झालेल्या 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'च्या नियतकालिकातही प्रश्नोत्तरांना स्थान होते. या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांनी या नियतकालिकात एकात एक गुंफलेल्या अनंत वर्गमुळांचे मूल्य विचारले. सहा महिने कोणाचेही उत्तर आले नाही; अखेर त्यांनीच ते दिले. उत्तर लिहिणारा वाचकवर्ग नसेल, तर ही व्यवस्था निष्फळ ठरते, हेही यावरून लक्षात येते.

आधुनिक स्वरूप

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केलेली 'आर' ही संगणकभाषा १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली झाली. साधन व आकडेवारी दोन्ही सर्वांना उपलब्ध असल्यामुळे दुसऱ्याचे उत्तर स्वतः चालवून पडताळणे शक्य झाले. २०१७ मध्ये हॅडली विकहॅम व गॅरेट ग्रोलमंड यांचे 'आर फॉर डेटा सायन्स' प्रसिद्ध झाले. पुस्तकात सरावप्रश्न होते, उत्तरे नव्हती. ती वाचकांनी लिहिली.

त्यातील एक उदाहरण बोलके आहे. न्यूयॉर्क परिसरातील तीन विमानतळांवरून २०१३ मध्ये सुटणाऱ्या ३,३६,७७६ विमानफेऱ्यांच्या नोंदीत, सुटण्याच्या अथवा पोहोचण्याच्या विलंबाची नोंद नसलेली फेरी 'रद्द' मानली होती. ही व्याख्या योग्य आहे काय, असा प्रश्न होता. या व्याख्येनुसार ९,४३० फेऱ्या रद्द ठरतात. परंतु सुटल्याची नोंदच नसलेल्या फेऱ्या ८,२५५ आहेत. उरलेली १,१७५ विमाने उडाली होती. त्यांतील काही अन्यत्र उतरविली गेली असणार. एकच उत्तर उतरवून घेणाऱ्यास केवळ आकडा मिळतो. दोन उत्तरे ताडून पाहणाऱ्यास व्याख्येतील त्रुटी समजते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड आर सोल्युशन्स' या उत्तरग्रंथावर माल्टे ग्रोसर व हेनिंग बुमान यांच्यासमवेत मूळ ग्रंथकार विकहॅम यांचेही नाव आहे. उत्तरलेखनाला ग्रंथलेखनाची प्रतिष्ठा लाभल्याचे हे द्योतक होय.

निष्कर्ष

सामूहिक उत्तरे विद्यार्थ्यांपासून दूर ठेवणे आता शक्य नाही व इष्टही नाही. विषयतज्ज्ञ अध्यापक नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास तर तोच एक आधार असतो. प्रथम स्वतःचे उत्तर, नंतर किमान दोन उत्तरांशी तुलना आणि शेवटी भिन्नतेचे लेखी कारण, असा क्रम अध्यापकांनी घालून द्यावा व गुण त्या कारणमीमांसेस द्यावेत. मग नक्कल करणाऱ्याच्या हाती गुण मिळविण्याजोगे काही उरणार नाही.