टोप टिकवायचा तर

माणसाच्या केसांचा टोप किती टिकणार हे केसांच्या प्रतीवर ठरतं, असं सर्रास समजलं जातं. प्रतीला महत्त्व आहेच. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे वळलेली. मुळं आणि टोकं उलटसुलट गुंफली गेली तर हे खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता काही सुटत नाही. पण उत्तम प्रतीचा केससुद्धा डोक्यावरून उतरला की त्याला टाळूचं तेल मिळत नाही. डोक्यावरचा केस गळला तर बहुधा त्याच जागी दुसरा उगवतो. टोपातल्या केसाला ती सोय नाही, झालेली इजा कायमची. म्हणून टोपाचं आयुष्य करणाऱ्यापेक्षा सांभाळणाऱ्याच्या हाती जास्त असतं. युरोपातल्या पुरुषांनी शंभराहून अधिक वर्षं मिरवलेला टोप ज्या रीतीनं मागे पडला, त्यातही मला हेच कारण मोठं दिसतं: निगा राखणं जड झालं.

गंमत नव्हे, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट अशी की टोप आला तो निगेचा त्रास चुकवायला. लंडनमधला नौदलाचा अधिकारी सॅम्युअल पीप्स यानं मे १६६३ मध्ये रोजनिशीत लिहून ठेवलंय की टोप घालायला मन घेत नाही, पण स्वतःचे केस स्वच्छ ठेवण्याचे कष्ट फार होतात. त्याच नोव्हेंबरात त्यानं केस उतरवले आणि टोप चढवला. १६६५ च्या प्लेगात त्याला वेगळीच धास्ती पडली: प्लेगनं मेलेल्यांचे केस कापून टोपात घातले असतील या भीतीनं पुढे टोप विकत घेणार कोण? आणि मार्च १६६७ मध्ये कारागिरानं आणून दिलेल्या टोपात लिखाच लिखा निघाल्या, तेव्हा तो साफ करायला परत धाडावा लागला. डोक्यावरचा त्रास टोपात गेला होता, इतकंच.

हा त्रास केवढा होता ते गार्सो या फ्रेंच लेखकानं १७६७ मध्ये टोपकारांच्या धंद्यावर लिहिलेल्या पुस्तकातून कळतं. केस निवडून, लांबीप्रमाणे लावून, भाजलेल्या मातीच्या छोट्या नळ्यांवर घट्ट गुंडाळायचे आणि काही तास पाण्यात उकळायचे. मग वाळवून कागदात बांधायचे, वरून राय धान्याच्या कणकेचं जाड आवरण द्यायचं आणि तो गोळा पावासारखा भट्टीत भाजून काढायचा. कणीक फोडली की आत कुरळ धरलेले केस. एवढं करूनही वळण दमट हवेत सैल पडे. मग पुन्हा नळ्या, पुन्हा ऊब. कोरडेपणावर उपाय म्हणून चरबीचा सुवासिक लेप, त्यावर स्टार्चची पावडर. लेप जुना झाला की खवट वास आणि धुळीचा थर. त्यामुळे टोप वारंवार न्हाव्याकडे जाई. मातीच्या या नळ्या लंडनमध्ये आणि अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गमध्ये उत्खननात सापडतात. हा सगळा व्याप टोपाच्या किमतीत धरला जात नसे, पण टोप टिके तो त्याच्याच जोरावर.

यावर आक्षेप येईल की टोप घालवला तो फ्रेंच राज्यक्रांतीनं आणि इंग्लंडमधल्या करानं. १७९५ मध्ये केसांच्या पावडरीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसला हे खरंच. पण त्याच्या तीस वर्षं आधी, १७६५ मध्ये, लंडनचे टोपकार राजाकडे अर्ज घेऊन गेले होते की गृहस्थ स्वतःचेच केस राखू लागले आणि आमचा धंदा बसला. मोर्चातल्या कित्येकांच्याच डोक्यावर टोप नव्हते, म्हणून चिडलेल्या जमावानं त्यांचे केस कापले. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: स्वतःच्या केसांनाही पावडर आणि लेप लागतच होता, मग निगा कमी झाली कुठे? झाली, भट्टी गेली, आणि बिघडलेला केस पुन्हा उगवण्याची सोय आली. फॅशनचा वाटा मी नाकारत नाही. पण जिथे फॅशनला मुभा नव्हती, तिथे काय झालं ते पाहावं. इंग्लंडच्या न्यायालयांत टोप सक्तीचाच राहिला, आणि १८२२ मध्ये हम्फ्री रेव्हन्सक्रॉफ्टनं घोड्याच्या केसांचा असा टोप काढून त्याचं पेटंट घेतलं की ज्याचं वळण कायम राहतं. कुरळं करणं नको, लेप नको, पावडर नको. वकिलांनी टोप सोडला नाही, माणसाचा केस सोडला.

माणसाच्या केसांचा टोप आज पुन्हा जगभर वापरला जातो, आणि त्यातले पुष्कळ केस तिरुमलेला भाविकांनी वाहिलेले, लिलावात विकले गेलेले असतात. भट्टी गेली, तरी केसाची गरज तीच आहे: कोमट किंवा गार पाणी, सौम्य शाम्पू, हात मुळांकडून टोकांकडे, चोळणं-पिळणं नाही; टॉवेलात दाबून पाणी टिपायचं, टोकांना थोडा कंडिशनर लावायचा, ठोकळ्यावर ठेवून सावलीत वाळू द्यायचं. गुंता सोडवताना मात्र कंगवा टोकांपासून धरून हळूहळू वर न्यायचा.