नैराश्य आणि ख्रिस्ती दफनविधी

ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायदेसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. ‘जाणूनबुजून’ हा शब्द मोलाचा. लोकांच्या ध्यानी मात्र बंदीच राहिली. वास्तविक ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेपासून तीव्र विषाद हा आजारच गणला गेला आहे. १९५७ मध्ये स्विस डॉक्टर रोलांड कुन यांनी इमिप्रामिन हे औषध त्यावर गुणकारी ठरल्याचे प्रसिद्ध केले. औषधाला दाद देणाऱ्या दुखण्यासाठी रुग्णाच्या श्रद्धेला बोल कसा लावावा?

१९८३ च्या संहितेतील बंदीच्या यादीत आत्महत्येचा उल्लेख उरला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने तर गंभीर मानसिक विकाराने जबाबदारी उणावते असे सांगितले. अशा मृतांसाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते, हेही नमूद केले. तरीही मिस्सा मागायला आलेली एखादी माता मृत्यूचे कारण अजून दबक्या आवाजात सांगते.