नदीकाठचे तैलरंग

आपल्याकडे बहुतेक मुलांची चित्रकलेशी ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांतून होते. आमच्या राजगुरुनगरातही तसेच. जलरंगांच्या वड्या, पाण्याचा मग आणि समोर भीमेकाठचे सिद्धेश्वराचे देऊळ. तैलरंग मात्र कोणी हाती देत नाही. ते महाग, उग्र वासाचे आणि वाळायला दिवसच्या दिवस घेणारे. मग तैलरंगांत नदीकाठ रंगवायला आपली माणसे शिकली कशी? या प्रश्नामागे जाताना मी नेहमी कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्यापाशी येऊन थांबतो.

मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तिथे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करण्यात विद्यार्थ्यांचा बराच काळ जाई. आबालाल तिथे शिकले १८८०च्या दशकात. त्यांच्या घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार होत, असे सांगतात. तसे असेल तर हाताला वळण घरीच लागले म्हणायचे. शिकून झाल्यावर मुंबईत धनिकांची व्यक्तिचित्रे काढून बरे पैसे मिळाले असते. हे गृहस्थ कोल्हापूरला परतले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पण दरबारापेक्षा ते रमले रंकाळ्यावर, कोटितीर्थावर आणि पंचगंगेच्या काठी.

उघड्यावर तैलरंग वापरणे जगातही तेव्हा फार जुने नव्हते. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली रंगासाठी दाबता येणारी धातूची नळी शोधली. त्याआधी खलात घोटलेला रंग प्राण्याच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. नळी आली आणि रंग खिशात मावू लागला. तरी अडचणी उरतातच. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. म्हणून खालचा थर पातळ आणि वरचा अधिक तेलकट ठेवायचा. उलट केले तर पुढे भेगा पडतात. ऊन मात्र थांबत नाही. तास-दोन तासांत सावल्या सरकतात, म्हणून चित्रकार त्याच वेळेला पुन्हा दुसऱ्या दिवशी येऊन बसतो.

खरा कस लागतो पाण्यापाशी. पाण्याला निळा रंग द्यायचा, ही शाळेतली सवय आधी सोडावी लागते. शांत पाण्यात उजळ भिंत थोडी गडद दिसते आणि काळी पायरी थोडी उजळ. जिथे काठाची सावली पडते, तिथे तळाचा गढूळपणाही वर येतो. हे पुतळ्यासमोर बसून कळत नाही. कोल्हापुरात तर पावसाळ्यात पंचगंगेतली लहान देवळे निम्मी बुडतात. दर वर्षी काठच बदलतो!

शाहू महाराज १९२२ साली गेले, आबालाल १९३१ साली. कलेच्या इतिहासात राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे मोठी जागा अडवतात. काठावर बसणारा माणूस कडेला राहतो. मला हे खटकते. तो काठ तेव्हा कसा होता, हे अशाच चित्रांतून कळणार आहे. आमच्या शेजारच्या इंद्रायणीवर आळंदीत २०२३-२४मध्ये पांढऱ्या फेसाचे थर तरंगत होते. आज तिथे कॅनव्हास घेऊन बसणाऱ्याला तो फेसही रंगवावा लागेल.

आबालाल यांची चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. गेलात तर पाण्याचा भाग जवळून पाहा.