ताळा

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्यावरच्या आडतीत माझे आजोबा मुनीम होते. तुरीची, करडईची पोती उतरायची, हमाल वजन ओरडून सांगायचा आणि आजोबा तोंडानेच हिशेब करायचे. शेराला सात आणे भाव असेल तर मणाला किती? "सात अडीच साडेसतरा." सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण, म्हणून शेराचे जितके आणे, त्याच्या अडीचपट मणाचे रुपये. अडीचकी पाठ करायची ती यासाठी. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, औटकी यांतली प्रत्येक बाजाराच्या गरजेतून आली होती. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, मागोमाग किलो आले आणि औटकी शाळेतून निघून गेली. औट म्हणजे साडेतीन. मी पुढे दर वर्षी दहावीच्या वर्गात हा शब्द विचारायचो. शेवटची कित्येक वर्षं एकही हात वर झाला नाही.

आजोबांची खरी शिकवण मात्र पाढ्यांची नव्हती. ती ताळ्याची होती. गुणाकार झाला की ते पेन खाली ठेवू देत नसत. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. आता अंकांची बेरीज कर: तीन, चार, सात मिळून चौदा, चौदाचे पाच. दोन आणि सहा आठ. पाच आठे चाळीस, चाळीसचे चार. उत्तराचे नऊ, दोन, दोन मिळून तेरा, तेराचे चार. चाराला चार, जमलं. मी खूश. मग ते माझ्या वहीत ९०२२ खोडून ९२०२ लिहायचे आणि म्हणायचे, "आता कर ताळा." पुन्हा चारच! नवाचा ताळा जागा बदललेले आकडे पकडत नाही. "म्हणून एक ताळा पुरत नसतो, लेकरा." तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पुढे आयुष्यभर वर्गात मी जे सांगितलं त्यातलं बरंचसं याच वाक्याचं आहे.

वडिलांचं गणित निराळ्या भाषेतलं. ते नांदेडला शिकले, निजामाच्या राज्यात. तेव्हा वरच्या इयत्तांचं शिक्षण उर्दूतून होतं. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं. त्याच्या आधीच तिथे भाषांतराचं खातं सुरू झालं होतं आणि गणिताची पुस्तकंसुद्धा उर्दूत आणली जात होती. वडिलांसाठी बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी तफ्रीक, गुणाकार जर्ब, भागाकार तक्सीम. त्रिकोणाला ते म्हातारपणीही पटकन मुसल्लस म्हणत. घरी मराठी, वहीत उर्दू. त्यामुळे प्रत्येक उदाहरण ते मनात दोनदा सोडवत, एकदा पुस्तकाच्या भाषेत आणि एकदा आईच्या. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि पुढे शाळांची भाषा बदलली. ज्या मास्तरांनी उर्दूतून प्रमेयं शिकवली होती, त्यांनाच आता 'समद्विभुज' आणि 'लघुकोन' हे शब्द पाठ करावे लागले. मराठवाड्याच्या मागासलेपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण भर नोकरीत आपल्या विषयाची सगळी परिभाषा नव्याने शिकून दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या शिक्षकांबद्दल कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

मी १९७५ साली दहावी झालो. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं एस.एस.सी. आलं ते त्याच वर्षी. आमचं लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झालं १९८२ मध्ये. आमची उजळणी म्हणजे पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचणं. भूमितीची प्रमेयं तर आम्ही कवितेसारखी म्हणायचो. आकृतीतली अक्षरं बदलली की अडायचो. चूक कुठे होते हे निकालाच्या दिवशी कळायचं, आणि तेही नुसत्या आकड्यातून.

नांदेडला बी.एस्सी. करून मी लातूरला शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा शहरात काहीतरी हलत होतं. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघालं होतं. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे पहिले प्राचार्य. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा पहिले कुलगुरूही तेच. त्यांच्यानंतरचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ज्या कामाला लोक 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले, त्यात जादू कसलीच नव्हती. जादा तास, सतत सराव परीक्षा, लगेच तपासणी आणि तपासलेला पेपर हातात घेऊन पुन्हा चर्चा. त्याला कारणही होतं. १९८३ पासून राज्यात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली होती, आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळायचा. एका गुणाने शेतकऱ्याच्या मुलाचं आयुष्य इकडचं तिकडे होत होतं. दहावीतही हेच वारं आलं. केशवराज विद्यालयाची मुलं गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि शहरातल्या प्रत्येक शाळेला वाटलं, आपणही करू.

पॅटर्नवर टीका खूप झाली. घोकंपट्टी म्हणाले, मुलांचा कारखाना म्हणाले. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पहाटे पाचला डुलक्या खाणारी मुलं मी पाहिली आहेत. पण गणिताच्या बाबतीत ही टीका मला अर्धवट वाटते. साडेसातशेपैकी दीडशे गुण गणिताचे होते, पंचाहत्तर बीजगणित आणि पंचाहत्तर भूमिती, आणि गुण पायरीला मिळायचे. नुसतं उत्तर लिहून भागत नसे. म्हणून मी मुलांना दोन वह्या करायला लावल्या. एक सरावाची आणि दुसरी चुकांची. चुकांच्या वहीत डावीकडे जसंच्या तसं चुकलेलं उदाहरण, उजवीकडे कुठल्या पायरीला पाय घसरला ते एका ओळीत.

६क्ष² − क्ष − २ = ० हे समीकरण घ्या. मधल्या पदाची फोड करायची: गुणाकार −१२, बेरीज −१. म्हणजे −४ आणि +३. निम्मा वर्ग +४ आणि −३ घ्यायचा. मी खोडत नसे. म्हणायचो, आलेली किंमत समीकरणात टाकून बघ. क्ष ला −२/३ टाकलं की शून्य येत नाही, आणि २/३ टाकलं की येतं. मुलगी आपल्याच हाताने आपली चूक पकडायची. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, त्यासाठी मी तेहतीस वर्षं शिकवलं. भूमितीत ताळा असा सोपा नसतो. तिथे मी आकृती उलटी काढून, अक्षरं बदलून तेच प्रमेय पुन्हा सिद्ध करायला सांगायचो. पायथागोरस, कोनदुभाजक, आंतरलिखित कोन, सगळी.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथे टाळता येत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर औसा-निलंग्याकडची माझी काही मुलं कित्येक दिवस वर्गात नव्हती. एक मुलगा दिवाळीनंतर आला, दप्तराशिवाय. घर गेलं होतं. त्याने मागितली ती फक्त चुकांची वही. कुणाचीही चालेल म्हणाला. वर्गाने रात्रीत बसून त्याला एक लिहून दिली, बत्तीस जणांच्या चुका असलेली. इतकी चांगली वही मी नंतर पाहिली नाही.

मग सीईटी आली, पुढे नीट आली. लातूरला उद्योग भवनाभोवती 'ट्युशन एरिया' वाढला, नांदेडला भाग्यनगरकडे शिकवण्यांच्या पाट्या लागल्या. आता माझी नात नांदेडला दहावीत आहे. ती बहुपर्यायी प्रश्न सोडवते तेव्हा समीकरण सोडवतच नाही. चारही पर्याय टाकून बघते, ज्याने शून्य येईल त्यावर खूण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अस्वस्थ झालो. नंतर वाटलं, अरे, हा तर ताळाच आहे, फक्त शेवटून पुढे आलेला. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त इष्टकर्म सांगितलं आहे: आधी एक संख्या गृहीत धरा, काय येतं ते बघा, मग त्या प्रमाणात खरी संख्या काढा. पण त्यांची गृहीत संख्या विद्यार्थ्याने स्वतः निवडायची होती. पर्याय छापून देणारं कुणी नव्हतं.

बोर्डाच्या परीक्षेत अजून पायऱ्या लिहाव्या लागतात. बीजगणिताचे चाळीस, भूमितीचे चाळीस. परवा तिने क्रेमरच्या पद्धतीने दोन समीकरणं सोडवली. उत्तर आलं तशी वही मिटायला लागली. मी काही बोललो नाही. तीच थांबली, वही पुन्हा उघडली आणि किंमती पहिल्या समीकरणात टाकल्या. जुळलं. माझ्याकडे बघून हसली.

"दुसऱ्यात पण टाक," मी म्हणालो.