बार्बियानाची शाळा

अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलास ‘ढ’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्याचें कारण असें सांगतात कीं, ब्राह्मी लिपीपासून आजतागायत इतर अक्षरें बदलत गेलीं, परंतु ‘ढ’ जसाच्या तसा राहिला. विनोद बरा आहे. पण मूल बदलणार नाहीं असें एकदां ठरल्यावर त्यास बदलण्याचा यत्न कोण करणार? मुलाची बुद्धि आधीं, कीं शिक्षकाची त्याजविषयींची अपेक्षा आधीं, ह्या प्रश्नाचा खल विद्वानांनीं पुष्कळ केला आहे. तथापि त्याचें अत्यंत रोखठोक उत्तर दिलें तें इटलींतील एका डोंगराळ धर्मग्रामांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांनीं. त्यांच्या शाळेची हकीगत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

फादर लोरेन्झो मिलानी ह्यांचा जन्म १९२३ सालीं फ्लॉरेन्स शहरीं एका संपन्न व सुशिक्षित कुटुंबांत झाला. १९४७ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. प्रथम सान दोनातो येथें त्यांनीं तरुण कामगारांकरितां रात्रीची शाळा चालविली. १९५४ च्या डिसेंबरांत त्यांची नेमणूक मुजेल्लो भागांतील बार्बियाना ह्या आडगांवीं झाली. तेथें धड रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळ नव्हते. डोंगरउतारावर विखुरलेलीं घरें आणि एक चर्च, एवढेंच तें गांव. ही नेमणूक म्हणजे एक प्रकारची हद्दपारीच होय, असें पुष्कळांस वाटलें. मिलानींनीं मात्र पोंचल्याच्या दुसऱ्याच दिवशीं आपल्या थडग्याकरितां तेथील दफनभूमींत जागा विकत घेतली. ज्या लोकांत आपणांस पाठविलें त्यांस सोडून जावयाचें नाहीं, हा त्यांचा निश्चय त्या एका कृतीनें प्रकट झाला.

त्या काळीं इटलींत प्राथमिक शाळेच्या पांच इयत्ता संपल्या कीं वाट दुभंगत असे. लॅटिन शिकविणारी शाळा विद्यापीठाकडे नेई. धंदेशिक्षणाची शाळा कारखान्याच्या दाराशीं आणून सोडी. १९६२ च्या कायद्यानें सर्व मुलांकरितां एकच माध्यमिक शाळा सुरू करण्याचें ठरलें. दार एक झालें, परंतु आंतील रीत जुनीच राहिली : शिकवावें, परीक्षा घ्यावी, आणि जो मागें पडेल त्यास नापास करून पुन्हा त्याच वर्गांत बसवावें. एकदोनदां असें झालें कीं गरिबाचें मूल शाळा सोडून शेतावर किंवा मजुरीस जाई, आणि त्यास शिक्षणाची गोडीच नव्हती असें सारे म्हणत.

बार्बियानाच्या शाळेंत गुण नव्हते, नापासाचा शेरा नव्हता आणि सुटीही नव्हती. वर्षाचे ३६५ दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत शाळा चाले. मोठ्या टेबलांभोवतीं मुलें बसत. थोरलीं धाकट्यांस शिकवीत. मुख्य नियम हा कीं, ज्यास समजलें नाहीं तोच वर्गांत अधिक मानाचा, आणि त्यास समजल्यावांचून पुढचा धडा नाहीं. शब्दांचें दारिद्र्य हेंच गरिबाच्या इतर दारिद्र्याचें मूळ, अशी मिलानींची श्रद्धा होती. म्हणून वर्तमानपत्र घेऊन एकेका शब्दाचा कीस काढला जाई. थोरलीं मुलें परभाषा शिकून उन्हाळ्यांत परदेशीं कामास जात. मिलानींची शिस्त कडक व जीभ तिखट होती. त्यांची माया लाडाकोडाची नव्हती. मुलांकडून ते फार मोठी अपेक्षा करीत, आणि ती पुरी होण्यास लागणारा वेळ स्वतः देत.

ह्या शाळेंतील मुलें शिक्षक होण्याच्या इच्छेनें शहरांतील अध्यापनशाळेंत गेलीं, तेव्हां तेथें तीं नापास ठरलीं. त्यावर आठ मुलांनीं मिळून एका शिक्षिकेस उद्देशून पुस्तक लिहिलें. प्रत्येकानें आपले विचार सुट्या चिठ्यांवर टिपावे, सर्व चिठ्या टेबलावर मांडून त्यांचे गठ्ठे करावे, गठ्ठ्यांचीं प्रकरणें व्हावीं, आणि मग सर्वांनीं मिळून एकेक वाक्य छाटावें, अशी त्यांची पद्धति होती. ‘एका शिक्षिकेस पत्र’ ह्या अर्थाच्या नांवानें तें १९६७ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झालें. त्यांत संताप आहे, तसे आंकडेही आहेत. कोणत्या इयत्तेंत किती मुलें गळालीं आणि त्यांचे वडील काय काम करीत, हें त्यांनीं कोष्टकांनीं दाखविलें. गळतीचा भार शेतकरी व मजुरांच्या मुलांवर पडतो, हें त्यांतून उघड झालें. ह्या कामाबद्दल इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेनें त्यांस पारितोषिक दिलें. त्यांनीं सुचविलेले उपाय तीन : कोणास नापास करूं नये, जे मंद भासतात त्यांस दिवसभर शाळा द्यावी, आणि जे आळशी भासतात त्यांच्यापुढें कांहीं ध्येय ठेवावें. पुस्तक निघाल्यानंतर महिन्याभरांत, २६ जून रोजीं, मिलानी वयाच्या ४४ व्या वर्षीं निवर्तले, आणि त्यांनीं घेतलेल्या जागेंतच त्यांस मूठमाती देण्यांत आली.

दुसऱ्याच वर्षीं, १९६८ सालीं, अमेरिकेंत रॉबर्ट रोझेन्थाल व लेनोर जेकबसन ह्यांनीं एका प्रयोगाचें वृत्त पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. अमुक मुलें ह्या वर्षीं विशेष प्रगति करणार, असें त्यांनीं कॅलिफोर्नियांतील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षकांस सांगितलें. वस्तुतः तीं नांवें केवळ चिठ्या टाकल्याप्रमाणें निवडलेलीं होतीं. वर्षअखेर पहिल्या व दुसऱ्या इयत्तेंतील त्या मुलांची बुद्धिमापनांतील वाढ इतरांहून ठळक दिसली. वरच्या वर्गांत मात्र तसें झालें नाहीं. ह्या प्रयोगावर कठोर टीका झाली. पुढील संशोधनावरून असें दिसतें कीं, शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम खरा असला तरी बहुधा अल्प असतो. परंतु समाज ज्यांस आधींच हीन लेखतो अशा मुलांच्या बाबतींत तो अधिक असूं शकतो. हा परिणाम घडतो लहानसहान गोष्टींतून : कोणास उत्तराकरितां अधिक वेळ मिळतो, कोणाची चूक समजावून दिली जाते, कोणास पुढें बसवितात. रे रिस्ट ह्यांनीं १९७० सालीं अशाच एका बालवर्गाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथील शिक्षिकेनें आठव्याच दिवशीं मुलांस तीन टेबलांवर वांटलें होतें, आणि ही वांटणी पुढील इयत्तांतही बहुतांशीं टिकली.

बार्बियाना ही मोजक्या मुलांची आणि एका असामान्य धर्मगुरूची शाळा होती. ती जशीच्या तशी अन्यत्र उभारणें शक्य नाहीं. परंतु शाळेचें वेळापत्रक, बैठक व परीक्षा हींही कोणाच्या तरी अपेक्षेनुसारच आंखलेलीं असतात, हें तिनें दाखवून दिलें. २० जून २०१७ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्या डोंगरावर जाऊन मिलानींच्या थडग्यापाशीं प्रार्थना केली.

जुबिलीच्या स्मरणिकांत शाळेच्या यशस्वी विद्यार्थ्यांचीं नांवें आदरानें छापतात, आणि तें उचितच आहे. त्याच शाळांच्या जुन्या हजेरीपटांत मध्येंच रेघ ओढलेलीं नांवेंही असतात. तीं मुलें ‘ढ’ होतीं, कीं त्यांच्याकरितां धडा थांबविणारा कोणी नव्हता, ह्याचा शोध घेणें हेंही शाळेच्या इतिहासाचें एक प्रकरण होय.