विभाजित चाचणी (संकेतस्थळ-रचना)

विभाजित चाचणी : एकाच संकेतस्थळाच्या दोन किंवा अधिक रचना एकाच काळात चालू ठेवायच्या, येणाऱ्या प्रत्येकाला जणू चिठ्ठी टाकून त्यांतली एक दाखवायची आणि कोणत्या रचनेतून ठरवलेले काम जास्त वेळा पार पडते ते मोजायचे, अशी पद्धत. ठरवलेले काम म्हणजे खरेदी, नोंदणी, देणगी, अर्ज किंवा नुसता एक फोन. संकेतस्थळांच्या व्यवसायातले लोक तिला ‘ए/बी टेस्टिंग’ किंवा ‘स्प्लिट टेस्ट’ म्हणतात. बटणाचा रंग बदलण्यापासून संपूर्ण मांडणी नव्याने करण्यापर्यंत कशासाठीही ती वापरता येते. प्रस्तुत नोंदीत संपूर्ण मांडणीच्या तुलनेवर भर दिला आहे, कारण वर्धा जिल्ह्यातल्यासारख्या छोट्या संस्थांना आणि दुकानदारांना तीच परवडते.

पद्धतीचे मूळ शेतात आहे. वर्धा जिल्ह्यात एकाच शिवारात नाल्याकाठची भारी काळी जमीन आणि टेकडीलगतची बरड जमीन शेजारी-शेजारी असते. कपाशीचे नवे वाण भारी जमिनीत आणि जुने बरडावर पेरले, तर हंगामाअखेर जो फरक दिसतो तो वाणाचा की मातीचा, हे कोणीही सांगू शकत नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी यावर उपाय काढला : शेताचे छोटे तुकडे पाडायचे आणि कोणत्या तुकड्यात कोणते वाण हे चिठ्ठीने ठरवायचे. त्यांचे या विषयावरचे पहिले पुस्तक १९२५ मध्ये आणि प्रयोगांच्या आखणीवरचे १९३५ मध्ये निघाले. भारतात ही पद्धत रुजवण्यात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कापसावर काम केलेले व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे (१९११–१९९७) यांनी मिळून लिहिलेला शेती-संशोधकांसाठीचा संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. आज संकेतस्थळाची चाचणी घेणारा माणूस तुकड्यांच्या जागी पाहुणे ठेवतो. बाकी हिशेब तोच.

रचनांची तुलना मोजमापाने करण्याचा एक जुना प्रयत्न वर्ध्याच्या इतिहासाला अगदी लगटून आहे. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा होत्या : आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, यंत्र २० वर्षे टिकावे, वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा आणि बाईला फारसे न थकता दिवसभर चालवता यावे. सर्व अटींना उतरणारा चरखा आला नाही, म्हणून बक्षीस कोणालाच दिले गेले नाही. चरख्यांच्या निरनिराळ्या रचना वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन संग्रहालयात पाहता येतात. त्याचे उद्‌घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. त्या स्पर्धेत चिठ्ठीने केलेली वाटणी नव्हती, म्हणून तिला विभाजित चाचणी म्हणता येत नाही. पण निकष आधी लिहून ठेवणे, मुख्य मोजमापाबरोबर खर्च, टिकाऊपणा आणि माणसाचे कष्ट यांनाही मर्यादा घालणे, आणि कोणीच उतरले नाही तर तसे सांगून मोकळे होणे, या तीन गोष्टी आजच्या अनेक चाचण्यांत आढळत नाहीत. त्या आढळायला हव्यात.

संकेतस्थळावर दोन दिशा तोलायच्या म्हणजे काय, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. वर्ध्याचा गोरसपाक हा खाऊ घरपोच पाठवणारे एक छोटे दुकान आहे. एका रचनेत पदार्थाचे मोठे छायाचित्र, किंमत आणि लगेच मागणीचे बटण. दुसरीत आधी दुकानाची माहिती, गोरसपाक कसा बनतो त्याची गोष्ट आणि शेवटी मागणी. दुकानाकडे रोज १०० माणसे येतात आणि त्यांतली ४ मागणी नोंदवतात. नव्या रचनेने ४ टक्क्यांचे ५ टक्के होतात का, हे रूढ खात्रीने (चुकीच्या निष्कर्षाची शक्यता ५ टक्के, खरा फरक हाती लागण्याची ८० टक्के) ठरवायचे, तर प्रत्येक बाजूला सुमारे पावणेसात हजार माणसे लागतात. म्हणजे दोन्ही मिळून साडेचार महिने. हाच प्रश्न ४ चे ८ टक्के होतात का असा असेल, तर प्रत्येक बाजूला साधारण ५५० माणसे पुरतात आणि चाचणी ११ दिवसांत उरकते. पूर्ण आठवडे धरले तर दोन आठवडे. फरक चौपट मोठा झाला की लागणारी माणसे बाराव्या हिश्श्यावर येतात. म्हणून मोठ्या कंपन्यांचे पाहून बटणाच्या छटा तपासत बसणे हा छोट्या दुकानाचा वेळ वाया घालवण्याचा मार्ग आहे. गूगलने दुव्यांसाठी निळ्याच्या ४१ छटा तपासल्याचे २००९ मध्ये गाजले. ते तिथल्या कोट्यवधी पाहुण्यांमुळे शक्य झाले. छोट्याने एकमेकींपासून खरोखर लांब असलेल्या दोन दिशा समोरासमोर ठेवाव्यात.

याची किंमतही आहे. संपूर्ण मांडणी बदलली की कोण जिंकले ते कळते, का जिंकले ते कळत नाही. बराक ओबामा यांच्या २००८ च्या निवडणुकीसाठीच्या प्रचारात नोंदणीच्या पानावर ४ बटणे आणि ६ चित्रे-चित्रफिती यांच्या सगळ्या, म्हणजे २४, जोड्या तपासल्या गेल्या. कार्यकर्त्यांचा कल चित्रफितींकडे होता. प्रत्यक्षात एकही चित्रफीत छायाचित्रांपुढे टिकली नाही. कुटुंबाचे छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण या जोडीने नोंदणीचे प्रमाण ८.२६ वरून ११.६ टक्क्यांवर नेले. कशाचा किती वाटा हे तिथे सुटे करता आले, कारण माणसे भरपूर होती.

का जिंकले हे न कळण्यात एक खास धोका वेगाचा आहे. एका पानावर १० ऐवजी ३० निकाल द्यावेत असे लोक सांगत होते, म्हणून गूगलने तसे करून पाहिले. पान उघडायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागू लागला आणि शोधांची संख्या जवळपास २० टक्क्यांनी घसरली, असे गूगलच्याच मरिसा मेयर यांनी २००६ मध्ये सांगितले. आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या गावात जुन्या मोबाइलवर पान उघडणाऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा आणखी जड आहे. मोठ्या छायाचित्रांची दिशा हरली तर ती दिसायला वाईट होती असे लगेच म्हणू नये. आधी दोन्ही पानांचे वजन (उघडताना उतरणाऱ्या माहितीचा आकार) सारखे करून पाहावे.

निकाल बिघडवणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी म्हणजे रोज आकडे उघडून बघणे आणि आपली आवडती रचना पुढे दिसली की त्याच दिवशी चाचणी थांबवणे. अशाने ५ टक्क्यांची ठरवलेली चूक कितीतरी पटींनी वाढते. दुसरी, जुनी रचना गेल्या महिन्यात आणि नवी या महिन्यात अशी तुलना करणे. २ ऑक्टोबरच्या आसपास सेवाग्राम-पवनारला येणाऱ्यांची गर्दी वेगळी असते, मृगाच्या तोंडावर बियाण्यांची माहिती शोधणारा शेतकरीही वेगळा. दोन्ही रचना एकाच वेळी दाखवल्या तर तुलना न्याय्य राहते, पण त्या दिवसांतला निकाल वर्षभर लागू होईलच असे नाही. तिसरी, एकाच माणसाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी रचना दाखवणे. ज्याला जी मिळाली ती शेवटपर्यंत त्याचीच राहायला हवी.

पाहुण्यांवर प्रयोग होत असतो, याचे भान हवे. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ जणांच्या पानांवरचा मजकूर बदलून त्यांच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो ते पाहिले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध होताच मोठा गदारोळ झाला. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या रचनांना मनाई केली : खोटी घाई दाखवणे, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, नाही म्हणणाऱ्याला लाजवणे इत्यादी. यांतली एखादी रचना चाचणीत जिंकूही शकते, आणि तरीही ती बादच आहे.

रोज १०-१५ माणसेच येत असतील तर चाचणी लावूच नये. आकडे नुसते हेलकावे खातील. अशा वेळी पाच-सहा खऱ्या गिऱ्हाइकांना एकेक करून बसवावे, त्यांच्याच मोबाइलवर पान उघडून द्यावे, एक काम सांगावे आणि गप्प राहून पाहावे. कोण कुठे अडतो, कोणता शब्द दोनदा वाचतो, कुठे वैतागून पान बंद करतो, हे टिपून ठेवावे. दोन दिशा असतील तर निम्म्यांना आधी एक आणि निम्म्यांना आधी दुसरी दाखवावी. यातून टक्केवारी मिळत नाही, पण दुरुस्त करण्याजोग्या ढोबळ अडचणी बहुतेक सगळ्या पुढे येतात.